बावीस तारखेचा शेरा

"हा डाग नाही, ही धूळ आहे," असं म्हणून तवमणिने सहायराजच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"अक्का, नीट बघा तरी. चांगला काळाकुळकुळीत आहे."

"नीट बघितलंय म्हणूनच सांगतेय. कागद हलव."

सहायराजने फळीवरचा कागद बोटभर सरकवला. दुर्बिणीतून येऊन कागदावर पडलेलं सूर्याचं बशीएवढं बिंब जागच्या जागी राहिलं आणि तो काळाकुळकुळीत डाग कागदाबरोबर निमूटपणे बाजूला गेला. तवमणिने नखाने तो टिपला, नाकाजवळ नेला आणि तिला फटकन शिंक आली.

"तपकीर! अरे, एकशे सात वर्षांच्या नोंदी आहेत या. त्यात आता तुझी तपकीर सूर्यावर उगवणार?"

सहायराज ओशाळला. तो वेधशाळेचा ग्रंथपाल. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, कपाटांच्या किल्ल्या कमरेला लावून हिंडणारा. सूर्याशी त्याचा आजवरचा संबंध एवढाच, की दर महिन्याला सूर्याच्या रोजच्या चित्रांचा गठ्ठा त्याच्याकडे यायचा आणि तो सुतळीने बांधून कपाटात ठेवायचा. आता आठवडाभर ती चित्रं त्यालाच काढायची होती. तवमणि चक्क रजेवर निघाली होती.

तमिळ मुलखातल्या त्या डोंगरावर सकाळी सातला दुर्बिणीचं झाकण उघडायचं, कागदावर पडलेल्या बिंबावरचा प्रत्येक डाग पेन्सिलने जिथल्या तिथे उतरवायचा, खाली वेळ, हवामान आणि सही. ढग असले तर दहापर्यंत थांबायचं, फट मिळते का बघायचं, आणि नाहीच मिळाली तर रिकाम्या वर्तुळाखाली 'ढग' असं लिहायचं. खोडरबर वापरायचा नाही. एका दिवसाचा एकच कागद. हे सगळं तवमणिला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. तिचे अप्पा, मासिलामणि, हेच काम करायचे आणि थंडीत त्यांच्या शालीत शिरून ती बाजूला उभी राहायची. अप्पा नोकरीतच गेले आणि त्यांच्या जागी चोवीस वर्षांची तवमणि लागली. जुलैच्या एकतीस तारखेला ती निवृत्त होणार होती.

आणि बावीस तारखेला खग्रास सूर्यग्रहण होतं. तिकडे उत्तरेत, गंगेच्या काठी.

"सूर्य तर सध्या कोराच आहे," संचालक नल्लशिवन रजेच्या अर्जावर सही करताना म्हणाले होते. "दहा-दहा दिवस एक डाग नाही. कोरं वर्तुळ काढायला काय लागतं? सहायराज काढेल."

"कोरं आहे हे कळायला लागतं, सार," तवमणि म्हणाली. पण जास्त बोलली नाही. सही झाली होती, आणि सहीनंतर बोलून घालवण्याचा मूर्खपणा तिचा एकदा करून झाला होता.

ते पंचाण्णव सालचं. त्याही आधीचं ऐंशीचं. आता सांगायलाच बसलो आहोत तर क्रमानेच सांगितलेलं बरं.

ऐंशीच्या फेब्रुवारीत कर्नाटकात खग्रास झालं तेव्हा मोहिमेच्या यादीत तिचं नाव होतं. मग ती आठव्या महिन्यात असल्याचं कुणाच्या तरी लक्षात आलं आणि नावावर लाल शाईची रेघ आली. ग्रहणाच्या दुपारी सासूने तिला खोलीत घालून बाहेरून कडी लावली. "पोराला ओठ फाटलेला हवाय का तुला?" एवढंच म्हणाली. खोलीत अंधार होता, पण छपराच्या कौलांत फटी होत्या. त्या फटींतून तिच्या लुगड्यावर, फुगलेल्या पोटावर, जमिनीवर सूर्याच्या लहान लहान कोरी पडल्या होत्या, वीस-पंचवीस तरी. तवमणि त्या मोजत बसली. ज्याच्यापासून लपवायला तिला कोंडलं, तोच सगळ्या खोलीभर सांडला होता. महिन्याभराने मुलगी झाली. तिला दोन ओठ, दोन कान, एक नाक, सगळं जिथल्या तिथे होतं. सासूने याचं श्रेय कडीला दिलं.

पंचाण्णवला दीपावलीच्या दुसऱ्याच दिवशी ग्रहण आलं. या वेळी ती स्वतः तेव्हाच्या संचालकांकडे गेली. ते चांगले गृहस्थ होते. त्यांनी अर्ज मंजूर केला, सही केली, आणि तवमणिच्या तोंडून निघून गेलं, "पण सार, रोजचं चित्र कोण काढेल?" संचालकांनी पेन खाली ठेवलं. "खरंच की. तुझ्यासारखं चित्र कोण काढणार, तवमणि?" माणसाला त्याच्या कौतुकानेच खुंटीला बांधायचं, ही युक्ती त्यांना नकळतच साधली होती. सगळी वेधशाळा उत्तरेला गेली. अगदी जीपचा ड्रायव्हरसुद्धा. तवमणिने रिकाम्या वेधशाळेत सातला झाकण उघडलं आणि कागदावर कडेने कुरतडलेला सूर्य उतरवला. अप्पांनीही असंच केलं होतं. पंचावन्न साली बाकीचे लंकेला गेले तेव्हा ते मागे राहिले होते. "सगळेच गेले तर त्याच्याजवळ कोण थांबणार?" असं म्हणायचे. म्हणजे बापलेकींनी मिळून साठ वर्षं रोज सूर्य पाहिला होता आणि तो नसलेला मात्र एकदाही पाहिला नव्हता.

नव्याण्णवला तिने विचारलंच नाही.

इतकंच असतं तर तिने मनाची समजूत घातली असती. पण त्यात एक खोटं येऊन बसलं होतं.

दर रविवारी सकाळी दहाला वेधशाळा लोकांसाठी उघडायची. तळ्यात होडी चालवून, उकडलेली मक्याची कणसं खाऊन लोक वर यायचे आणि दिवसाढवळ्या तारे दाखवा म्हणायचे. तवमणि त्यांना कागदावरचा सूर्य दाखवायची. "एवढंच?" असं कुणीतरी म्हणायचंच. मग ती खग्रास ग्रहणाचं वर्णन करायची. पंचाण्णवच्या मोहिमेवरून परतलेल्या एका शास्त्रज्ञाने सुंठेच्या कॉफीचे तीन पेले रिचवत तिला ते तासभर सांगितलं होतं आणि तिने त्यातला शब्दन्‌ शब्द जपून ठेवला होता. शेवटचा किरण कसा हिऱ्याच्या अंगठीसारखा चमकतो. मग तो विझतो आणि काळ्या बिंबाभोवती मोत्याच्या रंगाचं प्रभामंडल कसं उलगडतं. बाजूला शुक्र कसा दिसतो. अंगावर काटा कसा येतो. ती सांगायला लागली की कणसं खाणारे कणसं खायचे थांबत. एका रविवारी दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने विचारलं, "अक्का, तुम्ही स्वतः पाहिलंत?"

आणि तवमणिच्या तोंडून "हो" गेलं.

का गेलं ते तिलाही कळलं नाही. त्या मुलीचे डोळे बघून गेलं असावं. पण एकदा गेलेलं परत येईना. पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, आणि अशी चौदा वर्षं. जी बाई सूर्यावर धुळीचा कण चढू देत नव्हती, तिने स्वतःच्या तोंडाने रविवारामागून रविवार एवढा मोठा डाग चढवला होता. निवृत्त होण्याआधी ते एकदा खरं करून टाकायचं होतं. पावणेचार मिनिटं पाहायला मिळालं की काम झालं. मागची सगळी उत्तरं आपोआप खरी झाली असती, असा तिचा हिशेब होता. हिशेब भाबडा होता, पण त्याच्याच जोरावर तिने अर्ज केला होता.

"कागद किती वेळा हलवायचा?" जाण्याच्या दिवशी तिने सहायराजला विचारलं.

"तीनदा."

"तपकीर?"

"कोनाड्यात. दुर्बिणीजवळ न्यायची नाही."

"आणि ढग असले तर?"

"दहापर्यंत थांबायचं. चहाला उठायचं नाही. लघवीलासुद्धा..."

"तेवढं जा. पण धावत जा आणि धावत ये."

चिंचेच्या भाताचा डबा, एक शाल आणि वर्तुळ छापलेले पाच कोरे कागद घेऊन ती डोंगर उतरली. प्रभामंडल ती हाताने उतरवणार होती. रेल्वेत ग्रहणाच्या मोहिमेवर निघालेले तरुण शास्त्रज्ञ लॅपटॉप मांडीवर घेऊन कॅमेऱ्यांची वेळापत्रकं तपासत होते. त्यांनी तिला खिडकीची जागा दिली आणि "अक्का, तुम्ही पहिल्यांदाच?" असं विचारलं. त्यांना ती खरं सांगू शकली. बरं वाटलं तिला.

गंगेच्या काठावरच्या एका शाळेच्या गच्चीवर दुर्बिणी लावल्या होत्या. एकवीस तारखेला दिवसभर ऊन होतं. बावीसच्या पहाटे पाचला तवमणि गच्चीवर आली आणि आभाळाकडे पाहून तिला सगळं कळलं. तीस-पस्तीस वर्षं रोज आभाळ बघणाऱ्या बाईला हवामानखात्याची गरज नसते. ढगांचा थर जाड होता, वारा पडला होता, आणि पूर्वेला कुठे शिवणसुद्धा उसवलेली नव्हती. तरुण पोरं "निघेल, निघेल" म्हणत होती. तिने त्यांना काही सांगितलं नाही. कागद आणि पेन्सिल घेऊन ती खाली नदीवर गेली.

काठावर शेकडो माणसं गुडघाभर पाण्यात उभी होती. एक म्हातारी तिच्या शेजारी येऊन पायरीवर टेकली. दूरदर्शनवर ऐकून ऐकून तवमणिला मोडकीतोडकी हिंदी येत होती.

"कुठली गं तू?" म्हातारीने विचारलं.

"मद्रासच्या बाजूची."

"एवढ्या लांबून? डुबकी मारायला?"

"बघायला."

म्हातारीने वर पाहिलं. "बघणार कशात? गोधडी टाकलीय त्याने अंगावर."

सहा वाजून चोवीस मिनिटांनी पश्चिमेकडून अंधार आला. येताना तो दिसला. नदीच्या पलीकडचा काठ आधी गेला, मग मधला होडीवाला गेला, मग पायऱ्या. पाण्यातली माणसं एकदम ओरडली, शंख फुंकले गेले, कुत्री रडू लागली, आणि मग सगळंच गप्प झालं. म्हातारीने तवमणिचं मनगट पकडलं. तिचा हात ओला आणि थंड होता. तवमणिने वर पाहिलं. वर काहीच नव्हतं. अंगठी नव्हती, मोत्यांचा रंग नव्हता, शुक्र नव्हता. सकाळच्या वेळी डोक्यावर सूर्य नाही, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं, आणि तेही तिला दिसत नव्हतं. तिला अप्पांची शाल आठवली. ती रडली. अंधार होता म्हणून मोकळेपणी रडली, लहान मुलीसारखी, नाक वाहेपर्यंत.

पावणेचार मिनिटांनी होडीवाला परत दिसू लागला.

"दिसलं?" म्हातारीने मनगट सोडत विचारलं.

"नाही."

"मलाही नाही. पण गेला होता ना तो? आला परत. झालं तर मग." असं म्हणून ती लुगडं खोचत पाण्यात उतरली.

तवमणिने मांडीवरच्या कागदावर वेळ लिहिली. वर्तुळाखाली 'ढग' असं लिहिलं आणि सही केली. मग गच्चीवर जाऊन साडेसातला तिने फोन लावला.

"अक्का!" सहायराज तिकडून ओरडलाच. "इथे आभाळ म्हणजे घासलेलं ताट! सूर्य डोंगरावर आला तेव्हा चांगला चावलेला होता. काढला मी. डाग एकही नाही. कागद तीनदा हलवला, वेळांकणी मातेची शपथ. तपकीर कालपासून शिवलो नाही. तिकडे कसं झालं? पाहिलंत ना?"

बाजूला तरुण पोरं न वापरलेले कॅमेरे खोक्यांत भरत होती. एक मुलगी डोळे पुसत वायरी गुंडाळत होती.

"आल्यावर सांगते," तवमणि म्हणाली.

तीन तपांत पहिल्यांदाच ती सूर्याला सोडून गेली, आणि तो बिचारा तिच्या घरी येऊन बसला होता.

पंचवीसला ती परतली आणि सव्वीसला तिचा शेवटचा रविवार होता. मदुरैहून आलेली दोन कुटुंबं, कॉलेजची काही मुलं, आणि बायकोला थंडी वाजेल म्हणून सारखं सांगणारा एक निवृत्त मास्तर. सूर्य अजून कोराच होता. तिने तो दाखवला. "एवढंच?" कॉलेजमधला एकजण म्हणाला. सगळे तिच्या पुढच्या बोलण्याची वाट पाहत राहिले. दाराशी सहायराज किल्ल्या घेऊन उभा होता.

तवमणिने हिऱ्याच्या अंगठीपासून सुरुवात केली. मोत्याच्या रंगापर्यंत आली. मास्तरांच्या बायकोने शाल सोडून दिली होती. आणि मग नेहमीचा प्रश्न आला. मास्तरांनी, वर्गात विचारतात तसं, बोट वर करून विचारलं, "हे तुम्ही प्रत्यक्ष पाहिलं आहे का?"

"नाही," तवमणि म्हणाली.

फळीचा आधार घेऊन ती पुढे बोलली. "चौदा वर्षं मी पाहिलं म्हणून सांगत आले. ते खोटं होतं. ज्यांनी पाहिलं त्यांनी मला सांगितलं. परवा बघायला गेले होते तर ढग आले."

मास्तरांनी बोट खाली घेतलं. कॉलेजच्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी हसू दाबलं.

"मग परवा काय पाहिलंत?" मास्तरांच्या बायकोने विचारलं.

"अंधार पाहिला. येताना दिसतो तो. आधी पलीकडचा काठ गेला." तवमणि थांबली. हे वर्णन तिच्याकडे तयार नव्हतं. "शेजारी एक म्हातारी होती. तिने माझा हात धरला होता."

याहून जास्त तिला सांगता आलं नाही. लोक दोन मिनिटं घुटमळले आणि होडीची वेळ झाली म्हणत उतरणीला लागले. मास्तरांच्या बायकोने जाताना तिच्या खांद्याला हात लावला. बस्स.

वाचनालयात सहायराज आठवड्याचे कागद लावत बसला होता. तवमणि समोरच्या स्टुलावर बसली.

"ऐकलंस ना सगळं?"

"त्यात नवीन काय ऐकायचं?" त्याने मान वर केली नाही. "मोहिमांच्या याद्या माझ्याच कपाटात आहेत, अक्का. ऐंशीला तुमच्या नावावर लाल रेघ आहे. पंचाण्णवला नावच नाही. मी रुजू झालो त्याच वर्षी बघितलं होतं."

"आणि बोलला नाहीस? इतकी वर्षं?"

"काय बोलायचं? तुम्ही सांगायला लागलात की मला दिसायचं ते. मोत्याचा रंग वगैरे. सायबांनी एकदा फोटो दाखवला, त्यात काही नव्हतं तेवढं." त्याने कनवटीची तपकिरीची डबी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत ठेवली.

तिने समोरचा बावीस तारखेचा कागद ओढून घेतला. चावलेला सूर्य होता. रेघ जरा थरथरती, पण चाव्याची जागा बिनचूक होती. खाली वेळ, 'आभाळ स्वच्छ', 'डाग नाहीत', सहायराजची गोल गोल सही. आणि शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ, जी बाकीच्या सहा दिवसांच्या कागदांवर नव्हती: 'नेहमीच्या निरीक्षक तवमणि मासिलामणि ग्रहण पाहायला गेल्या आहेत.'

"हे कशाला लिहिलंस?"

"शेऱ्यात कारण लिहायचं असतं ना? तुम्हीच सांगितलंत."

"अरे, शंभर वर्षांनी कुणी हे वाचेल. त्याला वाटेल, पाहिलं असेल हिने." तिने टेबलावरच्या पेल्यातला खोडरबर उचलला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा उचलला असेल.

"मग वाटू दे," सहायराज म्हणाला. "गेला होतात की नाही तुम्ही? चिंचेचा भात घेऊन, तीन दिवस गाडीत बसून? मी खोटं कुठे लिहिलंय?"

खिडकीबाहेर ऊन होतं. तवमणिने पिशवीतून गंगेकाठचा कागद काढला. रिकामं वर्तुळ, 'ढग', तिची सही.

"द्या इकडे. याच्या मागे लावून ठेवतो," तो म्हणाला.

"एका दिवसाचा एकच कागद," तवमणि म्हणाली आणि तो घडी करून परत पिशवीत ठेवला.

खोडरबर तिने पेल्यात टाकला. मग सहायराजचा कागद दोन्ही हातांनी उचलून सवयीने झटकला. त्यावरून काहीच पडलं नाही. तिने तो एकवीस आणि तेवीसच्या मध्ये सरळ करून ठेवला आणि सुतळी मागितली.